तायडे साहेबांनी केलेल्या अडवणुकीची हकिगत

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या वरवट बकालच्या सरपंच सौ. सुवर्णाताई, बँकेच्या विभागीय कार्यालयातून एवढ्या उन्हात आलेले प्रमुख पाहुणे श्री. राजकुमारजी साहेब, ज्यांच्यासाठी हा मंडप घातला ते सत्कारमूर्ती, आपल्या शाखेचे शाखाधिकारी श्री. अश्वजित तायडे साहेब. मेहकरहून त्यांना घरी न्यायला आलेली त्यांची मंडळी. व्यासपीठावर ज्यांना खुर्ची मिळाली ते मान्यवर, आणि ज्यांना मिळाली नाही ते त्याहून मान्यवर. समोर बसलेल्या माता-भगिनी, आणि मागं उभं राहून भाषणापेक्षा भाजीच्या पातेल्यावर जास्त लक्ष ठेवणारी पुरुष मंडळी. सगळ्यांना रामराम, जय भीम आणि नमस्कार.

सुवर्णाताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ताई, मी आत्ताच सांगून टाकतो, तेवढ्यात भागणार नाही. पाच मिनिटं कौतुकाला पुरतात. मला कबुलीजबाब द्यायचा आहे.

माझ्याआधी चार जण बोलले. चौघांनीही साहेबांना ‘शिस्तप्रिय’ म्हटलं. मंडळी, हा शब्द आपण कधी वापरतो? माणूस जायला निघाला, आणि सहा वर्षं त्याच्याबद्दल पारावर जे बोललो ते माइकवर बोलता येत नसलं, की वापरतो. पारावर आपण काय म्हणत होतो? खडूस म्हणत होतो. आणि सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा होता? हाच, जो आत्ता कर्ण्यातून येतो आहे.

तसं कारणही होतं. माझ्या पासबुकावरच्या फोटोत मिशी होती, आणि मी समोर बिनमिशीचा उभा. साहेब म्हणाले, फोटो बदला. मी म्हटलं, साहेब, पंधरवडा थांबा, मिशीच वाढवून येतो. ते हसले नाहीत. पंधरा दिवसांनी मी मिशीसकट गेलो, तर म्हणाले, आता फोटो जुळतो, पण तो फारच जुना आहे.

असो. मुद्द्यावर येतो. साहेबांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एकच ठपका आहे. ‘ग्राहकाची अडवणूक केल्याबद्दल लेखी समज.’ राजकुमारजींना तो माहीत आहे, कारण त्यांच्याच कार्यालयानं तो दिला. गावाला माहीत नाही. तो ठपका माझ्या अर्जावरून लागला. साहेब मेहकरला जातील तेव्हा तो त्यांच्या सामानात जाऊ नये, एवढ्यासाठी मी उभा आहे.

साहेब, हात दाखवू नका. सहा वर्षं तुम्ही आम्हाला थांबवलंत. आज मी थांबणार नाही. आणि थांबलो तरी उपयोग नाही. तिसऱ्या रांगेत खांबाजवळ आमची झुंबरबाई बसली आहे. काल तिनं मला सांगून ठेवलं, “उद्या तुमच्या हाती माइक येईन. खरं थे सांगा. नाई तं मी उठतो अन् सांगतो.” पन्नास वर्षांच्या संसारात तिनं पोकळ धमकी दिल्याचं मला आठवत नाही.

तर ऐका.

आपल्या गावच्या दहा बायकांचा बचत गट बिबड्या करतो, हे इथल्या कोणाला सांगायला नको. पाहुण्यांसाठी सांगतो. ज्वारीचे पापड, पण पापड म्हटलं की बायका रागावतात. त्या पुड्यावर गावातल्या म्हाताऱ्या तानुबाईचं चित्र आहे. डोईवर पदर, हसरं तोंड, समोरचे दोन दात नाहीत. तीन वर्षांपूर्वी एका योजनेतून ते चित्र सरकारदरबारी नोंदवलं. ट्रेडमार्क म्हणतात त्याला. म्हणजे तानुबाईचं तोंड दुसऱ्या कोणी आपल्या पुड्यावर छापायचं नाही. मी हे तानुबाईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माझं तोंड कोन छापते बे पुंजा? घरचे पाहत नाईत.”

गेल्या वर्षी चैत्रात, ऐन बिबड्यांच्या हंगामात, गटाच्या नावानं एक पत्र आलं. जाड कागद. वर शिक्का असा, की लांबून सिंह वाटावेत. जवळून पाहिलं तर त्यांतला एक घोड्यासारखा होता. पण जवळून पाहिलं कोणी? पत्र इंग्रजीत होतं, म्हणून गटाची सचिव सारिका ते घेऊन माझ्याकडे आली.

आता माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली. इंग्रजी मी युरियाच्या पोत्यांवर आणि फवारणीच्या डब्यांवर शिकलो. पण चाळीस वर्षं या गावचे अर्ज मी लिहितो, आलेले कागद मी वाचतो. विहिरीचे, विजेचे, वारसाचे, सुनेनं माहेराहून परत यावं म्हणून केलेलेसुद्धा. सारिका म्हणाली, “आबाजी, तुमीच वाचा. तुमी वाचलं की कागद खरा.”

मी चष्मा पुसला आणि सगळ्या गटाला जमवून वाचलं. नवी दिल्लीच्या कुठल्याशा नूतनीकरण केंद्राचं पत्र. अंतिम सूचना. आपल्या चिन्हाची मुदत संपत आहे, अठ्ठेचाळीस हजार पाचशे रुपये शनिवारपर्यंत खाली दिलेल्या खात्यात भरा, अन्यथा आपले चिन्ह नोंदवहीतून काढण्यात येईल.

बायकांच्या हातातली कामं थांबली. तेवढे पैसे गटाकडे होते, पण कशासाठी? आदल्या वर्षी अवकाळी पावसात तीन दिवसांचं वाळवण अंगणात भिजून चिखल झालं होतं. म्हणून सौर वाळवणयंत्रासाठी पै-पै ठेवलेली. यंत्र घ्यायचं की तानुबाई वाचवायची? त्यात कोणीतरी बातमी आणली, की वडनेर भोलजीचा एक गट पुड्यावर म्हातारी छापायला टपून बसला आहे. मग काय विचारता. यंत्र राहू द्या, तोंड जाऊ द्यायचं नाही, असा एकमुखानं ठराव झाला.

आणि इथं मी माझी अक्कल वापरली.

मुदत वाढवणं म्हणजे काय? आपल्याकडे मुदत वाढवायचा एकच प्रकार सगळ्यांना पाठ आहे. निराधाराचा पगार. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, की पगार पुढं चालू. मी म्हटलं, चिन्हावर तोंड तानुबाईचं, तर तानुबाई हयात आहे हे दिल्लीला कळायला नको? नुसते पैसे भरले आणि त्यांनी उद्या त्रुटी काढली तर? बायकांनी माना डोलावल्या. पुंजाजी आबा किती पुढचं पाहतात, असंही कोणी म्हणालं. मी ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं.

तानुबाईला घेऊन मी दाखला काढला. दाखल्यात कारण लिहावं लागतं. लिहिणाऱ्यानं विचारलं, कशाकरिता? मी सांगितलं, लिहा, बिबड्यांकरिता. तसा दाखला आजही आहे. ‘श्रीमती तानुबाई या हयात असून सदर दाखला बिबड्यांकरिता देण्यात येत आहे.’

गुरुवारी आम्ही बँकेत गेलो. मी, सारिका आणि पुरावा म्हणून तानुबाई. पैसे वळते करायचा फॉर्म, सोबत पत्र, सोबत दाखला. साहेबांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, सारिकाताईंची सही नमुन्याशी जुळत नाही. शुक्रवारी आम्ही सही जुळवून नेली, तर म्हणाले, ठरावाच्या वहीची प्रत लागेल, दहाही जणींच्या सह्यांची. दहा जणींना शेतातून, चुलीवरून, एकीला माहेराहून गोळा केलं. शनिवारी प्रत दिली. मला वाटलं, आता कसं अडवतो हा माणूस?

साहेबांनी दाखला हातात धरला आणि विचारलं, “पुंजाजीभाऊ, हा कशाले जोडला?”

मी कारण समजावून सांगितलं. साहेबांनी तानुबाईकडे पाहिलं. तिला वाटलं, तपासणी सुरू झाली. ती बाकावरून उठून म्हणाली, “मी आहो ना साहेब. दिल्लीवाल्याले फोन लावा, मी बोलतो.”

बँकेतले लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, “खालचं बारीक वाचलं का?”

मंडळी, पत्राच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. त्या मी पाहिल्या होत्या. वाचल्या नव्हत्या. का? तुम्ही लग्नाची पत्रिका हातात घ्या. मोठ्या अक्षरात वधू-वर, मध्यम अक्षरात मामा-काका, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात काय असतं? छापखान्याचं नाव. आयुष्यभर पत्रिका वाचलेला माणूस तळाचं बारीक कशाला वाचेल? मी साहेबांना मोठ्या झोकात सांगितलं, “थे छापखान्याचं नाव आहे.”

साहेब म्हणाले, “मले शंका येऊन राह्यली. सोमवारपर्यंत थांबा.”

“मुदत आज संपते.”

“संपू द्या.”

एवढंच म्हणाले. पण ते सगळ्या बँकेसमोर, सारिकासमोर, तानुबाईसमोर म्हणाले. ज्या कागदाला मी खरं म्हटलं, त्यावर एका माणसानं शंका घेतली. मी फॉर्म उचलला आणि सरळ पोस्टात गेलो. तिथल्या बाकावर बसून दोन पानी तक्रार लिहिली. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम अर्ज होता. ‘उद्दामपणा’ दोनदा आला होता आणि ‘गोरगरीब महिलांची पिळवणूक’ तीनदा. विभागीय कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं धाडला. पावती खिशात ठेवली तेव्हा छाती एवढी फुगली होती, की पावती बाहेर डोकावत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, गोठ्यात मी धार काढत होतो. बाहेर मोटारसायकल थांबली. साहेब. सुटीच्या दिवशी. हातात दोन कागद आणि एक भिंग.

घरात या म्हटलं तर आले नाहीत, ओट्यावरच बसले. शनिवारी बँक सुटल्यावर त्यांनी मेहकरच्या वकील मित्राला विचारलं होतं, नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन तानुबाईला शोधून काढलं होतं. तो कागद त्यांनी माझ्यापुढं धरला. चिन्ह नोंदवून दोनच वर्षं झाली होती. नोंदणी दहा वर्षांची असते. आठ वर्षं शिल्लक. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि पत्राचा तळ दाखवला. मी पोत्यावरच्या इंग्रजीत एकेक शब्द लावत वाचलं. हे सरकारी देयक नाही. आमच्या खासगी यादीत आपले नाव घालण्याचा हा प्रस्ताव आहे. तो स्वीकारणे आपल्यावर बंधनकारक नाही.

छापखान्याचं नाव कुठंच नव्हतं.

साहेब म्हणाले, नोंदणी झाली की नाव-पत्ता कोणालाही पाहता येतो. तिथून उचलायचा आणि असा कागद धाडायचा, हा काहींचा धंदाच आहे. कारखानदारही भरून बसतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि निघताना, गाडीला किक मारण्याआधी, ते जे बोलले ते मी शब्दाला शब्द सांगतो.

“गटाले तुमीच सांगा, पुंजाजीभाऊ. माझं नाव घेऊ नका. उद्या कोणी तुमच्याकून अर्ज लिहून घ्यायचं थांबलं, तं या गावाचे अर्ज कोन लिहीन?”

आणि माझ्या खिशात त्याच माणसाच्या तक्रारीची पावती.

मी सांगितलं का? नाही. मी चहा घ्या म्हटलं. घेतला. दुसरा घ्या म्हटलं. तोही घेतला. तिसऱ्या कपाला झुंबरबाई आतून म्हणाली, “साहेबाले जाऊ द्याल का नाई? काय सांगायचं असन तं सांगून टाका.” मी म्हटलं, काही नाही, ऊन वाढतं आहे, निघा साहेब.

त्या दुपारी मी गट जमवला. म्हणालो, मला पहिल्यापासून संशय होता. मी कसून चौकशी केली. पत्र खोटं आहे.

सारिका, आत्ता अशी पाहू नकोस. मी बोलून घेतो, मग पाहा.

पुढं काय झालं ते तर तुम्ही केलंत. एक मे रोजी झेंड्याखाली माझा सत्कार केलात. शाल, श्रीफळ. तानुबाईनं स्वतः कुंकू लावलं. सुवर्णाताई, तुम्ही त्या दिवशी माझ्यावर फार सुंदर बोलला होतात. भाषणात काही दोष नव्हता. माणूस चुकीचा होता. साहेब त्या गर्दीत तिसऱ्या की चौथ्या रांगेत उभे होते, आणि मंडळी, ते टाळ्या वाजवत होते.

नारळ मी घरी नेला. झुंबरबाईनं तो फोडला नाही, देवापुढंही ठेवला नाही. गोठ्यात खुंटीला टांगला. “थो तुमचा नाई,” म्हणाली. तिनं ओट्यावरचं सगळं ऐकलं होतं. तक्रारीचं मात्र तिलाही माहीत नव्हतं.

मी तक्रार मागं घ्यायला बसलो नाही असं नाही. सहा वेळा बसलो. ‘महोदय’ लिहायचो आणि थांबायचो. मागं का घेतो हे लिहावं लागणार. ते लिहिलं की चाळीस वर्षं कागद वाचणारा पुंजाजी कसा वाचतो, हे कागदावर येणार. चाळीस वर्षांत मी लोकांच्या भानगडी किती सहज लिहिल्या, आणि माझी एक ओळ लिहवेना.

जूनमध्ये उत्तर आलं. हे पत्र खरं होतं. बँकेचा खरा शिक्का, खरी सही, आणि तळाशी बारीक अक्षरं नव्हती. मी भिंग लावून पाहिलं. खोटं पत्र मी दहा बायकांना जमवून वाचून दाखवलं होतं. खरं पत्र मी ज्वारीच्या कोठीत खुपसलं.

ज्वारी संपत आली आणि ते झुंबरबाईच्या हाती लागलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात तिला वाचायला मीच शिकवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा पस्तावलो. ती दोनदा वाचून म्हणाली, “त्यानं तुमची अब्रू झाकली, अन् तुमी त्याची उघड्यावर टाकली.” मग कालपर्यंत त्यावर एक शब्द नाही. मंडळी, बाई बोलते तेव्हा घर चालू असतं. ती बोलायची थांबली की मग कळतं.

ते पत्र आज मी आणलं आहे. पहिलं वाचून दाखवलं, तर हेही वाचून दाखवायला हवं. लहानच आहे.

‘आपल्या तक्रारीबाबत संबंधित शाखाधिकाऱ्यांकडून खुलासा मागविण्यात आला. त्यांचा खुलासा पुढीलप्रमाणे: तक्रारदाराचे म्हणणे बरोबर आहे. मी सदर रक्कम वळती करण्यास तीन दिवस अडवणूक केली. याबाबत माझे अधिक काही म्हणणे नाही. सबब संबंधितांस लेखी समज देण्यात आली आहे.’

माझे अधिक काही म्हणणे नाही! दुसऱ्याच्या फॉर्मवर एक टिंब कमी पडू न देणारा माणूस, आणि स्वतःच्या खुलाशात एवढी मोठी जागा कोरी सोडून बसला. एक ओळ लिहिली असती की पत्र बनावट होतं, तर समज मिळाली नसती, शाबासकी मिळाली असती. पण मग फसलेला म्हणून पुंजाजीचं नाव आलं असतं. गटाचं आलं असतं. ती ओळ यांनी लिहिली नाही.

तानुबाई, थांब. नंतर बोल. माहीत आहे मला, तू काय म्हणणार ते. माइक सध्या माझ्याकडे आहे.

राजकुमारजी साहेब, हा माझा अर्ज. तारीख आजची आहे. मी ‘तक्रार मागे घेतो’ असं लिहिलेलं नाही. तक्रार खरीच होती. साहेबांनी आमची अडवणूक केली, तीन दिवस केली, सही जुळत नाही म्हणून केली, वही आणा म्हणून केली. त्यातला एक शब्दही खोटा नाही. फक्त कशापासून अडवलं, तेवढं लिहायचं राहून गेलं होतं. ते आता दोन पानं सविस्तर लिहिलं आहे, आणि ‘उद्दामपणा’ हा शब्द या वेळी माझ्यासाठी वापरला आहे. साक्षीदार म्हणून गटाच्या दहाही जणींच्या सह्यांची जागा सोडली आहे. त्यांना हे आत्ताच तुमच्याबरोबर कळतं आहे, म्हणून ती कोरी आहे. हा अर्ज त्या समजेच्या शेजारी लागावा, आणि समज निघत असेल तर निघावी, एवढी विनंती.

वाळवणयंत्र आलं, हे जाता जाता सांगतो. साहेब, या हंगामाच्या पहिल्या बिबड्या तुमच्या गाडीत ठेवल्या आहेत. तानुबाईचं तोंड वरच्या बाजूला ठेवा, ती उलटी झालेली तिला चालत नाही.

सुवर्णाताईंनी पाच मिनिटांची वीस होऊ दिली, त्यांचे आभार. राजकुमारजींनी अर्ज हातात घेतला, त्यांचेही. साहेबांच्या घरच्यांनी त्यांना सहा वर्षं आमच्यासारख्या माणसांत राहू दिलं, त्यांचे आभार मानायला माझ्याजवळ शब्द नाहीत. बोलण्यात शब्द कमी-जास्त झाला असेल, मोठ्यांचा मान राहून गेला असेल, तर सभेनं ते पोटात घ्यावं. अर्जातली चूक मात्र पोटात घ्या असं मी म्हणणार नाही. ती साहेबांनी वर्षभर पोटात ठेवली, तेवढं पुष्कळ झालं.

आता सारिका पेन घेऊन स्टेजकडे निघाली आहे, आणि तिच्यामागं तानुबाई काठी घेऊन. सही कोण करणार आणि काठी कोणासाठी, ते मला दिसतं आहे. मी खाली येतो.

जय भीम. रामराम.